अनोळखी गुन्हेगाराचे निदान

आपल्या स्मरणिकेत मधुमेह, सांधेदुखी, मुलांच्या परीक्षांचा ताण अशा विषयांवरील लेख वाचण्याची आपणा सर्वांना सवय आहे. त्यात एका बालरोगतज्ज्ञाने ‘सीरियल किलर’ आणि ‘क्रिमिनल प्रोफायलिंग’ यांवर लेखणी चालवावी, हे काही व्यवसायबंधूंना चमत्कारिक वाटेल. २०१९ च्या उन्हाळ्यात हाजीपूरचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा कित्येक दिवस माझ्या दवाखान्यात येणाऱ्या आया लसीकरणाचे कार्ड पुढे करता करता एकच प्रश्न विचारीत असत : “डॉक्टर, असा माणूस आधी ओळखू येत नाही का?” हा प्रश्न मूलतः वैद्यकीय आहे. लक्षणांवरून रोग ओळखणे हा आपला नित्याचा उद्योग. कृत्यावरून कर्ता ओळखता येईल काय, असे त्या माता विचारीत होत्या. त्यानिमित्ताने जे वाचन आणि चिंतन झाले, ते येथे मांडीत आहे.

प्रोफायलिंग म्हणजे काय? घटनास्थळाची स्थिती, शवविच्छेदनाचा अहवाल, बळी पडलेल्या व्यक्तीची माहिती, गुन्ह्याची वेळ आणि जागा यांच्या आधारे अज्ञात गुन्हेगाराचे वय, राहणी, व्यवसाय, स्वभाव, निवासाचा परिसर यांविषयी अनुमान बांधणे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर रुग्ण समोर नसताना केवळ रिपोर्टांवरून केलेले निदान. गंमत अशी, की या शास्त्राचा उगम शोधू गेल्यास तेथेही एक डॉक्टरच भेटतो. १८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात स्त्रियांचे खून पाडणाऱ्या ‘जॅक द रिपर’विषयी पोलीस सर्जन डॉ. थॉमस बाँड यांनी आपले अनुमान लेखी कळविले होते. खुन्याला शरीररचनेचे काहीही ज्ञान नाही. तो अंगाने बळकट, दिसायला मात्र शांत, निरुपद्रवी, मध्यमवयीन आणि नीटनेटक्या कपड्यांतला असावा, असे त्यांचे मत होते. हे अनुमान बरोबर की चूक ते कधीच कळले नाही, कारण खुनी सापडला नाही. पुढे अनेक प्रोफाइलांना लाभलेले हे सुदैव डॉ. बाँड यांना सर्वप्रथम लाभले!

विसाव्या शतकात या विद्येला प्रतिष्ठा मिळवून दिली ती न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जेम्स ब्रसेल यांनी. १९४० पासून शहरात बाँब ठेवणाऱ्या एका माथेफिरूचे वर्णन त्यांनी १९५६ मध्ये केले. तो पकडला जाईल तेव्हा त्याच्या अंगात डबल ब्रेस्टेड कोट असेल आणि त्याची बटणे लावलेली असतील, हे त्यातले वाक्य जगप्रसिद्ध झाले. जानेवारी १९५७ मध्ये जॉर्ज मेटेस्की सापडला आणि पोलीस त्याला घेऊन निघाले तेव्हा कोट तसाच होता. परंतु तो सापडला कसा, हे फारसे कोणी सांगत नाही. तो ज्या वीज कंपनीवर राग धरून होता, तिच्या कार्यालयातील एका महिला कर्मचाऱ्याने नुकसानभरपाईच्या जुन्या फायली चिकाटीने चाळल्या आणि बाँबवाल्याच्या पत्रांतील शब्दप्रयोग तिला एका फायलीत आढळले. कीर्ती कोटाला मिळाली, काम फायलीने केले.

पुढे अमेरिकेच्या एफबीआयने १९७२ मध्ये वर्तनशास्त्राचा स्वतंत्र विभाग काढला. तेथील अधिकाऱ्यांनी तुरुंगातील ३६ गुन्हेगारांच्या मुलाखती घेऊन खुन्यांचे ‘सुसंघटित’ आणि ‘विस्कळीत’ असे दोन प्रकार कल्पिले. चित्रपटांनी हे वर्गीकरण घरोघर पोहोचविले. ३६ रुग्णांवर, तेही तुलनेसाठी दुसरा गट न घेता, काढलेला निष्कर्ष आपण आपल्या एखाद्या परिषदेत मांडला असता तर श्रोत्यांनी काय केले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी. २००४ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील शंभर सीरियल खुन्यांच्या गुन्ह्यांचे विश्लेषण केले, तेव्हा असे दोन वेगळे गट त्यांना आढळले नाहीत.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईतील रामन राघवचे प्रकरण ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. १९६५-६६ मध्ये मध्य रेल्वेच्या मार्गालगत आणि १९६८ मध्ये उत्तरेच्या उपनगरांत झोपडीत वा पदपथावर झोपलेल्या गोरगरिबांची डोकी जड हत्याराने फोडली जात होती. गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली तपास चालला आणि ऑगस्ट १९६८ मध्ये उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी रस्त्यावर चालत्या राघवला ओळखून पकडले. ओळखले कशावरून? आधीच्या हत्यासत्रात तो संशयित म्हणून ताब्यात आला होता, पुराव्याअभावी सुटला होता. पण त्याची नोंद आणि छायाचित्र दप्तरी राहिले होते. येथेही फाईलच!

वैद्यकीय दृष्ट्या अधिक बोधक आहे तो या प्रकरणाचा उत्तरार्ध. राघव प्रत्यक्ष कोठडीत, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर होता. तरीही पहिल्या निरीक्षणानंतर तो मनोरुग्ण नाही असे मत नोंदले गेले. बचाव पक्षाच्या मानसोपचारतज्ज्ञाने पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे निदान केले. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशावरून तीन मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमले गेले, त्यांनीही स्किझोफ्रेनियाचेच निदान केले आणि अखेर फाशीची जन्मठेप झाली. १९९५ मध्ये पुण्यात मूत्रपिंडाच्या विकाराने त्याचा मृत्यू झाला. समोर बसविलेल्या, प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या माणसाच्या मनाविषयी जर तज्ज्ञांत एवढा मतभेद होतो, तर रक्ताच्या डागांवरून न पाहिलेल्या माणसाचे मन वाचण्याचा दावा आपण किती मानावा?

मग या विद्येत काहीच तथ्य नाही काय? आहे, मात्र ते बहुधा मनाच्या वर्णनात नसून दोन वेगवेगळ्या गुन्ह्यांमागे एकच हात आहे हे ओळखण्यात आहे. पुण्यातील १९७६-७७ चे जोशी-अभ्यंकर खूनसत्र घ्या. मार्च १९७७ मध्ये नदीत लोखंडी शिडीला बांधलेले एका तरुणाचे प्रेत सापडले. ते बांधताना वापरलेली नायलॉनची दोरी आणि तिच्या गाठींची तऱ्हा आधीच्या खुनांशी जुळते, हे पोलिसांच्या ध्यानात आले आणि तपासाचा सांधा जुळला. गाठ बांधण्याची सवय ही हस्ताक्षरासारखी असते. माणूस ती नकळत पुन्हा पुन्हा करतो. राजेंद्र जक्कल आणि त्याचे साथीदार कलामहाविद्यालयात शिकणारे तरुण होते. त्यांच्या मनोवृत्तीचे वर्णन आधी कोणी केले असते तर पुणेकरांनी ते मानले असते असे वाटत नाही. गाठ मात्र मानावीच लागली.

ही दृष्टी परदेशातून आलेली नाही. आपण ज्या निजामी मुलखाचे वारस आहोत, त्या मुलखाला तिचा इतिहास ठाऊक असायला हवा. १८३० च्या दशकात ठगांचा बीमोड करताना विल्यम स्लीमन यांनी माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून ठगांच्या वंशावळी आणि मार्गांचे नकाशे तयार करविले. कोणत्या वाटेवर, कोणत्या टोळीने, कोणत्या हंगामात वाटसरू मारले, याचा मेळ घातला. निजामाच्या चाकरीतील फिलिप मेडोज टेलर यांनी आपल्याच दख्खनमधील अनुभवाच्या बळावर १८३९ मध्ये ठगांवरील गाजलेली कादंबरी लिहिली. त्याच सुमारास सात ठगांच्या कवट्या मस्तकरेषांवरून स्वभाव सांगणाऱ्या पंडितांकडे एडिनबरोला पाठविण्यात आल्या होत्या! ठगांच्या संख्येविषयी आणि त्यांच्या ‘धर्मा’विषयी इंग्रजांनी बरीच अतिशयोक्ती केली असे अनेक इतिहासकार मानतात, तो वाद रास्त आहे. पण नकाशे आणि कवट्या हे प्रोफायलिंगचे दोन मार्ग तेव्हाच वेगळे झाले होते, एवढे खरे. कवटीच्या मार्गाने गेलेल्या सरकारने पुढे १८७१ मध्ये संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. १९५२ मध्ये त्या कायद्यातून मुक्त झालेल्या पारधी बांधवांच्या मागचा संशय अजून सुटलेला नाही.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला सर्वाधिक अस्वस्थ करते ते गावित मायलेकींचे प्रकरण. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांनी १९९० ते १९९६ या काळात पश्चिम महाराष्ट्र, नाशिक, मुंबई परिसरातून तेरा लहान मुले पळविली. त्यांचा धंदा पाकीटमारीचा, देवळे, जत्रा, एसटी स्टँड अशा गर्दीच्या जागी. कडेवर मूल असले की बाईवर संशय येत नाही, आणि पकडले गेलेच तर मुलाकडे पाहून लोक सोडून देतात, एवढ्यासाठी ही मुले हवी असत. मूल रडू लागले, मोठे झाले, गैरसोयीचे झाले की त्याला संपविले जाई. रेणुकेचा पती माफीचा साक्षीदार झाला. अंजनाबाई खटला उभा राहण्यापूर्वीच वारली. दोघी बहिणींना कोल्हापूरच्या न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये पाच मुलांच्या खुनांबद्दल ती कायम केली. दयेच्या अर्जाच्या निर्णयाला झालेल्या प्रदीर्घ विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली.

त्या काळी एखाद्या परदेशी तज्ज्ञाला ही मुले कोणी पळविली असावीत असे विचारले असते, तर त्याने काय सांगितले असते? एकटा राहणारा पुरुष, विकृत कामवासना, वय पंचवीस ते पस्तीस. आई आणि दोन मुली, कडेवर बाळ, हातात पिशवी, हे चित्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. यांच्या कृत्यात वासना नव्हती, उन्माद नव्हता, हिशेब होता. आणि मुले वेगवेगळ्या जिल्ह्यांतून गेली, कित्येक तर भिकाऱ्यांची, मजुरांची. एका ठाण्याची नोंद दुसऱ्या ठाण्याला ठाऊक नव्हती. सूत्र अखेर हाती लागले ते अंजनाबाईच्या पूर्वीच्या पतीच्या दुसऱ्या पत्नीने हिच्यावर संशय घेऊन केलेल्या तक्रारीमुळे. या आंधळेपणाला गुन्हेशास्त्रात ‘दुवा न दिसणे’ अशा अर्थाचे नाव आहे. आपल्याला हा प्रकार अपरिचित नाही. गोवराचा एकेक रुग्ण दहा दवाखान्यांत येतो, प्रत्येक डॉक्टर त्याला नीट औषध देतो आणि साथ आली आहे हे कोणाच्याच लक्षात येत नाही.

मोजणाऱ्या डॉक्टराचे महत्त्व किती असते, याचे उदाहरण आपल्याच व्यवसायातले आहे आणि ते लज्जास्पदही आहे. इंग्लंडमधील हाइड गावच्या डॉ. हॅरल्ड शिपमनने वर्षानुवर्षे आपल्या वृद्ध रुग्णांना मॉर्फीनची सुई देऊन मारले. जानेवारी २००० मध्ये पंधरा खुनांबद्दल त्याला जन्मठेप झाली. २००२ मधील चौकशी अहवालाने बळींची संख्या २१५ धरली. कोणत्याही मानसशास्त्रज्ञाने त्याला ओळखले नाही. रुग्ण तर त्याच्यावर लोभ करीत. शेजारच्या दवाखान्यातील डॉ. लिंडा रेनॉल्ड्स यांनी १९९८ मध्ये एवढेच पाहिले, की दहनाच्या प्रमाणपत्रांवर सही घेण्यासाठी याच्याकडून येणारी प्रकरणे फार आहेत. त्यांनी कळविले, पोलिसांची पहिली चौकशी मात्र निष्फळ ठरली. त्यानंतर तो आणखी तीन जीव घेऊन, एका बनावट मृत्युपत्रामुळे सापडला.

आणि हाजीपूर. हैदराबादपासून फार दूर नसलेले, यादाद्री भुवनगिरी जिल्ह्यातील बोम्मलरामारम मंडलातले हे खेडे. २५ एप्रिल २०१९ रोजी एक चौदा वर्षांची शाळकरी मुलगी घरी परतली नाही. तिचा मृतदेह शेतातील पडक्या विहिरीत मिळाला. तपास सुरू झाला आणि काही दिवसांत त्याच परिसरातून आणखी दोन मुलींचे अवशेष निघाले : एक मार्च २०१९ पासून बेपत्ता असलेली महाविद्यालयीन तरुणी, दुसरी २०१५ पासून बेपत्ता असलेली अकरा वर्षांची बालिका. गावातीलच मर्री श्रीनिवास रेड्डी या तरुणाला अटक झाली. त्या वेळी राचकोंडाचे पोलीस आयुक्त होते महाराष्ट्रातून आलेले आयपीएस अधिकारी महेश भागवत. ६ फेब्रुवारी २०२० रोजी नलगोंडा येथील जलदगती न्यायालयाने आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली.

या प्रकरणात मन वाचण्याची गरजच नव्हती; नकाशा वाचण्याची होती. गावापर्यंत पुरेशी वाहतूक नाही, मुलींना थांब्यावरून लांब चालत यावे लागे, आणि ओळखीचा मोटारसायकलवाला “बस, सोडतो” म्हणाला की नाही म्हणण्याचे कारण नसे. लहान गाव, एकच वाट, तीच विहिरींची रांग, तिन्ही मुलीच. ज्याला आज भौगोलिक प्रोफायलिंग म्हणतात त्याचे मुख्य गृहीतक हेच, की गुन्हेगार सहसा आपल्या पायाखालच्या परिसरात वावरतो. कँटर यांनीच १९८६ मध्ये लंडनच्या रेल्वेस्थानकांभोवती हल्ले करणाऱ्या जॉन डफीच्या गुन्ह्यांची ठिकाणे नकाशावर मांडून तो कोणत्या वस्तीत राहत असावा हे सांगितले होते, आणि सुमारे दोन हजार संशयितांच्या यादीत बराच खाली असलेला डफी त्यामुळे वर आला. (त्याचा साथीदार मात्र २००१ पर्यंत शिक्षेविना राहिला.) हाजीपूरला संगणकाची गरज नव्हती. २०१५ ची बेपत्ता बालिका आणि मार्च २०१९ ची बेपत्ता तरुणी ही दोन नावे शेजारी लिहून कोणी गावाच्या वाटेवर बोट ठेवले असते, तर एप्रिलमधली मुलगी कदाचित घरी पोहोचली असती. परंतु वयात आलेली मुलगी नाहीशी झाली की ‘कोणाबरोबर तरी गेली असेल’ हे आपल्या समाजाचे तयार प्रोफाइल पुढे येते. गुन्हेगाराचे चित्र रेखाटण्याआधी आपण बळीचे चित्र रेखाटून मोकळे होतो.

दिल्लीजवळच्या निठारीत २००६ मध्ये हेच घडले. गरीब वस्तीतील मुले एकामागून एक नाहीशी होत होती, पालक ठाण्याचे उंबरठे झिजवीत होते. सांगाडे निघाल्यावर सारा देश नरराक्षसाच्या मनाचे विश्लेषण करू लागला. पुढे २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने पुराव्याअभावी बहुतेक प्रकरणांत आरोपींना निर्दोष ठरविले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या प्रकरणातही सुरेंद्र कोलीला मुक्त केले. विश्लेषण झाले, पुरावा राहिला. ती मुले कोणी मारली याचे न्यायालयीन उत्तर आज नाही.

प्रोफाइलचा मोह आम्हा बालरोगतज्ज्ञांनाही सुटलेला नाही. इंग्लंडचे नामांकित बालरोगतज्ज्ञ सर रॉय मेडो यांनी सॅली क्लार्क हिच्या खटल्यात १९९९ मध्ये साक्ष दिली, की अशा सुस्थित कुटुंबात दोन अर्भके आकस्मिक दगावण्याची शक्यता सात कोटी तीस लाखांत एक आहे. एका मृत्यूच्या शक्यतेला तिनेच गुणून काढलेली ही संख्या होती. एकाच घरातील दोन मृत्यू परस्परांशी निगडित असू शकतात हे त्यात धरलेच नव्हते. आईला जन्मठेप झाली. २००३ मध्ये ती निर्दोष सुटली आणि २००७ मध्ये खचलेल्या अवस्थेत मरण पावली. ‘अशा प्रकारची आई’ ही कल्पना डोक्यात बसली की गणितही तिच्या सेवेला लागते.

आपल्या न्यायव्यवस्थेने या बाबतीत बराच शहाणपणा दाखविला आहे. नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग या चाचण्या व्यक्तीच्या संमतीविना करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी प्रकरणात सांगितले. आणि १० मे २०१३ रोजी त्याच न्यायालयाने बेपत्ता बालकाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. माझ्या मते सीरियल गुन्हेगारांच्या तपासासाठी या दुसऱ्या आदेशाचे मोल कोणत्याही प्रोफाइलहून अधिक आहे. कारण नोंदच नसेल तर दुवा जुळणार कशाशी?

आपल्या वाट्याला येणारे काम त्यामानाने साधे, कंटाळवाणे आहे. पोक्सो कायद्यान्वये लैंगिक अत्याचाराची माहिती मिळताच कळविणे डॉक्टरला बंधनकारक आहे. घरच्यांच्या अब्रूचा विचार करून गप्प बसण्याची मुभा कायदा देत नाही. दुसरे काम नोंदींचे. मूल हरवते तेव्हा पालकांजवळ बहुधा वाढदिवसाचा एखादा फोटो असतो, तोही दोन वर्षांपूर्वीचा. मी माझ्या कार्डावर वजन, उंची आणि लसी यांच्याखाली जन्मखुणा, जुने अस्थिभंग, टाक्यांचे व्रण आणि दातांची स्थिती यांसाठी चार ओळी छापून घेतल्या आहेत. कोणा सहकाऱ्याला त्या कार्डाचा नमुना हवा असल्यास संमेलनाच्या दिवशी माझ्याकडून अवश्य घ्यावा.